बाजूले कोण झोपते?

कुसुमताई डोंगरे याईचं अन् माझं पहिलं बोलणं झालं ते घोरण्यावरून. मोठ्या माणसाच्या गौरवाच्या पुस्तकात असं लिवाव का नाई, मले ठाऊक नाई. पण झालं तसंच सांगते. ताईले साठ वर्ष पूर्ण होऊन राहिले. दवाखान्यातल्या सिस्टराईनं अन् आमच्या विहारातल्या बायाईनं मिळून हा अंक काढाचं ठरवलं, तेव्हा सगळ्याईनं मले म्हटलं, "बेबी, तुले त लिवाच लागन." मी नववीपर्यंत शिकली. जशी बोलते तशी लिवून राहिली, सांभाळून घेजा.

तीन वर्षाआधीची गोष्ट आहे. माझी पिहू तवा पाच वर्षाची होती. तिले शाळेत सोडाले मी स्कूटीनं जात होती अन् इथं भिलाईत रिसालीच्या बाजारापाशी एकदम छातीत अशी धडधड सुटली, जसं अंदर बसून कोणी डफडं वाजवून राहिलं. स्कूटी कशीतरी बाजूले लावली अन् पोरीचा हात धरून फुटपाथवर बसली. असं चार-पाच वेळा झालं. मंग दवाखाना, दिलाची पट्टी काढणं, छातीले दिवसभर मशीन बांधणं, सगळं झालं. डॉक्टर साहेब म्हणाले का दिलात जन्मापासून एक जास्तीचा रस्ता आहे, करंट तिकडून उलटा फिरते. मांडीतून बारीक तार अंदर नेऊन तेवढा रस्ता जाळून टाकू. पिहूचे पप्पा कुम्हारीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत, त्याईले लगेच समजलं. म्हणाले, "म्हणजे शॉर्ट सर्किट. हे त रोजचं काम आहे वं, कावून घाबरते?"

तारेचं भेव मले नव्हतं. भेव होतं झोपेचं. साहेबाईनं सांगितलं होतं का पूर्ण बेहोश नाई करत, फक्त गुंगी देतो, श्वास तुमचा तुमीच घेसान. इथंच माझं अडलं. कारण माझी एक गोष्ट कोणाले माहीत नव्हती. पिहू झाली तवापासून मी झोपेत दचकून उठत होती, गळ्यात काही अटकल्यावाणी. अन् घोरत होती. माझी सासू म्हणे, "बाईमाणूस घोरलं का घरातली बरकत जाते." म्हणून मी सगळे झोपल्यावर झोपो, तोंडावर ओढणी घेऊन. आपला श्वास झोपेत धड चालत नाई हे मले आतून माहीत होतं. जागेपणी मी तो घेऊन घेईन. पण गुंगीत थांबला त? पिहूले कोण पाहीन? हे कोणाले विचारावं त घोरण्याचं सांगा लागते. अन् ते सांगाची लाज मले मरणापेक्षा मोठी वाटत होती.

भरती झाली त्या दुपारी कुसुमताई सिस्टर वार्डात आल्या. ठेंगण्या, पांढरे केस तेल लावून चापून बांधलेले, हातात फॉर्म. खाटेपाशी मी, पिहूचे पप्पा, सासू अन् पिहू. ताईनं एकेक विचारलं. दम लागते का? दात हालतात का? कोणत्या गोळीची ॲलर्जी? मंग विचारलं, "घोरता का?"

"नाई," मी म्हटलं.

ताईनं पप्पाईकडे पाहिलं. ते आपल्या मायकडे पाहून म्हणाले, "नाई जी."

सासू म्हणाल्या, "आमच्या घरच्या बाया घोरत नाई."

ताईनं पेन फॉर्मवर टेकवला, पण लिवलं काही नाई. म्हणाल्या, "बाजूले कोण झोपते?"

सासूनं पदर सावरला. "हे काय विचारणं झालं, सिस्टर? पोरगी उभी आहे इथं."

"मैं!" पिहूनं हात वर केला, शाळेत हजेरी देते तसा. "मम्मी के बाजू में मैं सोती हूँ. पप्पा उधर सोते हैं, वो लात मारते हैं."

ताई तिथंच स्टुलावर बसल्या. तोंड बरोबर पिहूच्या तोंडासमोर आलं. "अच्छा? फिर तो तू ही बता. मम्मी सोती है तो कैसी आवाज आती है?"

मी पिहूले डोळे दाखवले. तिनं पाहिलंच नाई. कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून तिनं अख्ख्या वार्डाले करून दाखवलं. "घर्र… घर्र… घर्र…" बाजूच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. अन् मंग पिहू चूप झाली. तोंड उघडं, डोळे बंद, एकदम चूप. मले वाटलं झालं हिचं. पण ती तशीच उभी. मंग एकदम "खर्राक!" करून हवा ओढली अन् हासली.

सगळे हासले. पप्पा हासले, आजी हासल्या. ताई नाई हासल्या. त्या आपल्या बोटावर काही मोजून राहिल्या होत्या.

"ये बीच में चुप क्यों हुई तू?"

"मम्मी चुप होती है ना. मैं गिनती हूँ. कभी पाँच तक, कभी दस तक. दस हो गए तो मैं कोहनी मारती हूँ."

"कोहनी क्यों मारती है, बेटा?"

"फिर सांस आ जाती है."

पप्पाईचं हासणं तोंडावरच सुकलं. माझ्या बरगडीजवळ सकाळी जे दुखे ते कायचं, मले त्या दिवशी कळलं. पाच वर्षाची पोरगी माझ्या बाजूले पडून माझे श्वास मोजत होती अन् मी तिच्यापासूनच ओढणीत तोंड लपवत होती.

ताईनं फॉर्मवर लाल पेनानं मोठं काहीतरी लिवलं. मंग पिहूचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजपासून तू माझी असिस्टंट. जे मोठ्या माणसाईनं सांगितलं नाई ते तू सांगितलं." मंग माझ्या सासूकडे वळल्या. "काकू, घोरणं अवगुण नाई. भोंगा आहे. आपल्या स्टील प्लांटात भोंगा वाजला त आपण भोंग्यावर रागावतो का? पाहाले जातो का कुठं काय झालं."

सासू हळूच म्हणाल्या, "सिस्टर, घोरत त मीबी असन. याचे बाबा होते तवा म्हणत."

"मंग तुमचाबी फॉर्म आणू का?" ताई म्हणाल्या, अन् अख्खा वार्ड पुन्हा हासला. त्या दिवशी मी भेव वाटतावाटता हासली, हे मले आजबी नवल वाटते.

ताई थेट बेहोशीवाल्या मॅडमकडे गेल्या. मॅडम स्वतः आल्या, माझा गळा पाहिला, मान मागं करून पाहिली. म्हणाल्या, बरं झालं कळलं, औषध हळूहळू देऊ, डोकं उंच ठेवू. जर ताईनं तो फॉर्म "नाई" लिवून पुढं सरकवला असता त? हा विचार मी आता नाई करत. ताईच म्हणतात, जे झालं नाई त्याचं भेव घरी न्याचं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मले अंदर नेलं. ती खोली म्हणजे बरफाची पेटी. मी कुडकुडत होती, अर्धी थंडीनं, अर्धी भेवानं. चादर गळ्यापर्यंत ओढली त ताईनं ती खाली सरकवली. "छाती-पोट मले दिसलं पाहिजे. ते हालते का नाई, हे मशीनच्या आधी माझ्या डोळ्याले कळते." अन् आपल्या झोल्यातून लोकरीचे हिरवे मोजे काढून माझ्या पायात घातले. "पाय गरम त माणूस गरम. घरी गेल्यावर धुवून आणजा, दुसऱ्याले लागन."

मंग त्याईनं विचारलं, "माय कोणत्या नावानं हाक मारते?"

"कागदावर अर्चना आहे ना."

"कागदाले विचारलं नाई. मायले विचारलं."

"बेबी," मी म्हटलं. सव्वीस वर्षाची बाई, एका पोरीची माय, अन् नाव बेबी. पण ताईनं ते चिकटपट्टीवर लिवून मशीनच्या वर लावलं. म्हणाल्या का गुंगीतल्या माणसाले कागदावरचं नाव ऐकू येत नाई, घरचंच येते. अन् 'तुमी' म्हटलं त त्याले वाटते दुसऱ्या कोणाले बोलून राहिले. "म्हणून अंदर मी तुमाले 'तू' म्हणीन. रागावजा नका."

नाकाशी त्याईनं एक बारीक नळी लावली. समोरच्या पडद्यावर एक लाइन चालू झाली, डोंगरावाणी. वर चढे, सपाट चाले, खाली उतरे, मंग पुन्हा दुसरा डोंगर. "हा तुमचा श्वास. एक श्वास सोडला का एक डोंगर," ताई म्हणाल्या.

माझ्या बोटाले आधीच एक चिमटा लावला होता, त्याचा नंबर वेगळा दिसत होता. मी विचारलं, "मंग तो कायले?"

"तुमचे सासरे प्लांटात होते ना? मंग समजन. बोटावरचा नंबर म्हणजे गोदामात किती कोळसा पडला आहे ते. हे डोंगर म्हणजे वॅगन येऊन राहिल्या का नाई ते. वॅगन बंद झाल्या तरी गोदाम काही वेळ भरलेलंच दिसते. नंबर चांगला म्हणून जो निवांत बसला, त्याले फार उशिरा कळते. म्हणून मी गोदाम पाहते, पण डोळा वॅगनवर ठेवते."

मले इतकं सोपं कोणी कधीच सांगितलं नव्हतं. भेव गेलं नाई, पण त्याले बसाले जागा भेटली.

तेवढ्यात एक नवीन डॉक्टर घाईघाईनं आले. "सिस्टर, जरा उधर से वो पैकेट दे दो ना."

ताईनं मान बी हालवली नाई. "सर, मी इथं दिसून राहिली, पण मी इथं नाई. आज मी फक्त हिच्या श्वासाची आहे. दुसऱ्या कोणाले सांगा." मराठीतच बोलल्या. ते डॉक्टर हिंदीवाले, पण समजले. गुपचूप स्वतः जाऊन पाकीट घेतलं. मंग मले कळलं का ताईचा हा कायदाच आहे. रोग्याच्या श्वासावर बसल्या का त्या दुसऱ्या कोणत्याच कामाले हात लावत नाई, मंग मोठे साहेब का सांगेनात.

औषध सुरू झालं. मले आठवते ते असं. मी आमच्या गावच्या घरी आहे, अंगणात माय भांडे घासून राहिली, अन् मले काहीच करावं वाटत नाई, श्वास घ्यावा तेवढंबी नाई. लय सुखाचं वाटत होतं. अन् माय मागून ओरडली, "बेबी! ए बेबी! श्वास घे वं! मोठा घे!" मायचं ओरडणं म्हणजे न ऐकून चालत नाई. मी घेतला. मंग पुन्हा तेच सुख, पुन्हा मायची हाक, अन् हनुवटीखाली कोणाचा तरी हात, खालचा जबडा वर उचलून धरणारा.

ती माय नव्हती. कुसुमताई होत्या.

मागून मॅडमनं मले सांगितलं का दोनदा माझे डोंगर बंद झाले होते. लाइन सपाट. बोटावरचा नंबर दोन्ही वेळा चांगलाच होता, गोदाम भरलेलं. मशीनचा भोंगा वाजाच्या आधीच ताई उठल्या होत्या, कारण पोट हालून राहिलं पण नाकातून हवा नाई, हे त्याईच्या डोळ्यानं पकडलं. त्याईनं जबडा उचलला, हाक मारली, मॅडमनं औषध कमी केलं, डोंगर पुन्हा चालू. अन् पलीकडे साहेबाईनं तो शॉर्ट सर्किट जाळून टाकला. तवापासून एकदाही डफडं वाजलं नाई.

बाहेर आणलं तवा पिहू दारातच. तिनं पहिले ताईले विचारलं, "कितना गिना?"

ताई म्हणाल्या, "दस तक जाने ही नहीं दिया. चार पे ही कोहनी मार दी."

मले रडू आलं. ताई म्हणाल्या, "रडता कायले? मोजे ओले होतीन."

आता ताईच्या कामाबद्दल. ताईचे बाबा भंडाऱ्याकडून प्लांटात आले, ताई इथंच प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरात वाढल्या. आपल्या भिलाईत देशभरची माणसं. तेलुगू, ओडिया, बंगाली, पंजाबी, मल्याळी, अन् छत्तीसगढी त घरचेच. जागेपणी सगळे हिंदी बोलतात. पण ताई सांगतात का गुंगीत माणूस आपल्या मायच्या भाषेत जाते. एकदा एक तेलुगू आजोबा होते. घरच्या लोकाईनं सांगितलं का त्याईले हिंदी येते. खरंच येत होती, पण गुंगी चढली अन् हिंदी गेली. ताई हाक मारून राहिल्या, आजोबा आपल्याच धुंदीत. त्या दिवशी जबडा उचलून काम भागलं. पण ताईच्या मनाले लागलं. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर त्या डोश्याच्या ठेल्यावर गेल्या. ठेलेवाल्या अक्काले म्हणाल्या, "डोसा नंतर दे, पहिले मले 'श्वास घ्या' म्हणाले शिकव." अक्काले वाटलं सिस्टरले उन्ह लागलं. पण शिकवलं, अन् ताईनं तळहातावर लिवून घेतलं. "ऊपिरि तीसुकोंडी, तातगारू." पुढच्या तेलुगू आजोबाले ते म्हटलं त त्याईनं गुंगीतच हात जोडले अन् लंबा श्वास घेतला. आता ताईच्या डायरीत एक पान आहे, त्यावर फक्त एवढंच, श्वास घ्या, भिलाईत बोलतात तेवढ्या भाषाईत. नवीन सिस्टर आली का पहिले ते पान पाठ करा लागते. छत्तीसगढी बायाईसाठी त ताई अशा म्हणतात, "सांस ले न ओ दाई," का जागा माणूसबी श्वास घेते.

नवीन पोरीईले त्या मशीन नंतर शिकवतात. पहिल्या दिवशी म्हणतात, स्टुलावर बस, रोग्याच्या पोटाकडे पाह अन् त्याच्यासंग श्वास घे. तो थांबला त तुले आपोआप घुसमट होईन. ज्योती सिस्टरनं मले सांगितलं का एक दिवस ती भोंग्याचा आवाज कमी करत होती, कानाले त्रास होते म्हणून. ताई रागावल्या नाई. तिले बाजूले घेऊन म्हणाल्या, "तुह्या घरी तान्हं लेकरू आहे ना? ते रात्री रडलं त त्याच्या तोंडावर उशी ठेवते का?" ज्योतीनं पुन्हा कधी त्या बटणाले हात लावला नाई.

मोजे मी धुतले, वाळवले अन् रविवारी ताईच्या घरी द्याले गेली. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडूनच घर. तिथं पाहिलं त टोपलंभर मोजे, लाल, निळे, पट्ट्याचे. मी विचारलं, इतके कुठून? म्हणाल्या, "मी एक जोडी देते. लोकं धुवून आणतात अन् लाजेकाजेनं एक नवीन बी आणतात." मी पण नवीन आणली होती, पिशवीत लपवून. काढली. ताई हासल्या अन् म्हणाल्या, "पाहा, तुमीबी तशाच." त्या दिवशी त्याईनं मले चहा पाजला अन् माझ्या झोपेची तपासणी कधी कराची, वजन कसं उतरवाचं, एका कुशीवर कसं झोपाचं, सगळं समजावलं. पायी फिराले संग नेलं. सहा महिने, रोज संध्याकाळी. मी नाई म्हटलं त फाटकापाशी उभ्या राहून आवाज देत, "बेबी, वॅगन निघाली!" गल्लीतले लोकं मले आता वॅगनच म्हणतात. आज माझं घोरणं फार कमी आहे. ओढणी मी तोंडावर घेत नाई. पिहू रात्रभर निवांत झोपते. लेकराची झोप परत भेटणं काय असते ते मायलेच कळन.

अन् आता जे सांगते, ते ताईनं सांगू नको म्हटलं होतं. मी ऐकत नाई.

या अंकाचं ठरवाले आमी सगळ्या ताईच्या घरी एका दुपारी जमलो होतो. ताई एकट्याच राहतात. त्याईचे मिस्टर प्लांटात क्रेन चालवत, ते गेले. पोरगा पुण्याले नोकरीवर, रोज फोन करते. त्या दिवशी आमी बाया बोलून राहिलो, कोणाचा फोटो पहिल्या पानावर, कोण काय लिवन, अन् ताई आरामखुर्चीत बसल्याबसल्या झोपी गेल्या. ज्योती म्हणाली, "झोपू द्या, तीन दिवसाची ड्युटी झाली आहे." आमी आवाज कमी केला. पिहू तिथंच खाली बसून चित्र रंगवत होती.

एकदम पिहूनं हात वर केला. "चुप! सब चुप!"

आमी पाहिलं. ती ताईकडे पाहून राहिली होती अन् तिचे बोटं एकेक उघडत होते. ताई बारीक घोरत होत्या, ते थांबलं होतं. छाती हालून राहिली, आवाज नाई. पाच. सहा. सात. बाजूले अर्धा दवाखाना बसला होता अन् मोजत होती आठ वर्षाची पोरगी. दहा झाले अन् पिहूनं उठून ताईले कोपर मारलं.

"खर्राक!" ताई दचकून जाग्या झाल्या. "काय झालं? कोणाची लाइन गेली?"

"आपकी," पिहू म्हणाली. मंग तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, एकदम ताईच्याच आवाजात, मराठीत. "आजी, बाजूले कोण झोपते?"

ताई म्हणाल्या, "कोणी नाई, बेटा."

"मंग तुमचं कोण मोजते?"

ज्या ताईनं किती लोकाईले हा सवाल विचारला, त्याईले तो आजपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. सकाळी डोकं दुखते, दिवसा डोळे मिटतात, हे सगळं त्या वयावर अन् ड्युटीवर ढकलत होत्या. मले तीन वर्षाआधीची मीच दिसली, फॉर्म समोर अन् तोंडात "नाई".

मी म्हटलं, "ताई, फॉर्म आणू का?"

"काही नाई होत वं मले."

"काकू, घोरणं भोंगा आहे," मी म्हटलं. "भोंग्यावर रागावतो का आपण?"

सगळ्या हासल्या. ताईबी हासल्या, पण डोळे भरले. आमी सोडलं नाई. मॅडमले तिथूनच फोन लावला. पुढच्या हप्त्यात ताई तपासणीले गेल्या, संग मी अन् पिहू. निघालं तेच, झोपेत श्वास थांबते. पण वेळेवर निघालं. आता रात्री त्या नाकाले हवेचं मशीन लावून झोपतात. पहिल्या दिवशी आरशात पाहून म्हणाल्या, "हत्ती झाली मी, सोंड लागली." पण महिन्याभरात तोंडावर असं तेज आलं का दवाखान्यात लोकं विचारतात, सिस्टर, साबण बदलला का? डोकं दुखणं गेलं. पुन्हा संध्याकाळी फाटकापाशी आवाज येते, अन् आता त्या पुढं अन् मी मागं धावते.

पिहू रोज सकाळी शाळेत जाच्या आधी माझ्या फोनवरून विचारते, "आजी, रात को सूंड लगाई थी?" ताई हाव म्हणतात. एक दिवस आळस केला होता त खोटं बोलता आलं नाई त्याईले. पिहूनं फोनवरच ठणकावलं, "आज से मैं आपके घर सोऊँगी." अन् खरंच, शनिवारी ती आपली उशी घेऊन ताईच्या बाजूले झोपाले जाते. ताईनं तिच्यासाठी एक जोडी मोजे वेगळे ठेवले आहेत, तेच हिरवे.

कुसुमताई, तुमी लोकाईले घरच्या नावानं हाक मारून परत आणलं. मलेबी आणलं. तुमच्या साठाव्या वर्षी मी मोठी माणसं देतात तसा मोठा आशीर्वाद देऊ शकत नाई, मी लहान आहे. माझं मागणं एवढंच का तुमच्या पडद्यावर डोंगरामागून डोंगर येत राहो, अन् इतके येवो का मोजता मोजता आमच्या पिहूले मोठ्या वर्गातलं गणित शिका लागो. तुमची तब्येत अशीच ठणठणीत राहो, फाटकापाशी हाक अशीच येवो. अन् शनिवारी निवांत झोपा.

बाजूले कोणीतरी आहे.

तुमची,
बेबी
रिसाली, भिलाई